पश्चिमेकडची भिंत

कंत्राटदारानं टेप काढला तेव्हा आई सोप्यात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. त्यानं सोपा मोजला, माजघर मोजलं, स्वयंपाकघरात जाऊन कडप्प्याच्या कट्ट्यावर बोटानं टिचकी मारली. परत येऊन वहीत आकडे मांडत म्हणाला, "फरशी काढून व्हिट्रिफाइड, किचनला ग्रॅनाइट, सोप्याला पीओपी, सगळीकडं पुट्टी आणि रंग. सहा लाख चाळीस धरा. घर ओळखू येणार नाही बघा."

आईनं मान वर केली नाही. खडा सापडला तो बाजूला टाकला आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.

हे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आई बेळगावच्या शहापुरातल्या त्या घरात एकटी, मी तिथंच टिळकवाडीत, धाकटा भाऊ पुण्यात. तिघांनी मिळून विकायचं ठरवलं. ठरवायला जेमतेम एक दुपार लागली. विकण्याआधी घरावर खर्च करायचा की नाही, यावर मात्र पुढचे दोन महिने गेले. भावाचा हिशेब सरळ होता. "अक्का, सहा लाख घालूया, पंधरा जास्त येतील. इथं सगळे तसंच करतात." पुण्यातल्या फ्लॅटबाबत तो चूक नव्हता. तिथं घेणाऱ्याच्या हाती लागतात त्या भिंती, फरशी आणि स्वयंपाकघर. जमिनीचा त्याचा हिस्सा असतो कागदापुरता. आत पाऊल टाकल्यावर सगळं नवं दिसलं तर चावी घेऊन उद्याच राहायला येता येतं, आणि त्या सोयीचे पैसे माणूस देतो. आमचं घर तसलं नव्हतं.

चोवीस फूट दर्शनी, अडुसष्ट फूट खोल. आमच्या गल्लीतली सगळी घरं अशीच, अरुंद तोंडाची आणि लांबलचक पाठीची. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी, आणि शेवटी परडं. परड्यात विहीर आणि तुळशीकट्टा. भिंती तांबड्या जांभ्याच्या, मातीत रचलेल्या, दीड हात जाड. वर कौलं. मागच्या बाजूला बाबांनी २००६ साली स्लॅबची एक खोली चढवली होती, माझ्या भावाच्या अभ्यासासाठी. रस्त्यावरून घरात यायला पूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. गल्लीत काँक्रीट झालं आणि एकच उरली.

आणि पश्चिमेकडची भिंत. बेळगावात पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो, हे इथं राहिलेल्याला सांगायला नको. खानापूरच्या जंगलावरून वारा पाणी घेऊन येतो आणि जून ते सप्टेंबर घराच्या एकाच अंगाला झोडपत राहतो. आमच्या माजघराची ती भिंत दर आषाढात काळवंडायची. तिला टेकून गाद्या ठेवायच्या नाहीत, कपाट ठेवायचं नाही, तिच्यावर देवाचा फोटो लावायचा नाही, हे आम्ही चालायला लागल्यापासून शिकलो होतो.

कंत्राटदाराला मी ती भिंत दाखवली. तो हसला. "ताई, पीव्हीसी पॅनेल मारूया की. दोन तासांत भिंत गायब."

भिंत गायब. त्या दोन शब्दांनी माझं मन त्या सगळ्या बेतावरून उडालं. पॅनेलमागं ओल वाढत राहणार, वाशांची टोकं कुजणार, आणि पुढच्या श्रावणात कुणाचं तरी तान्हं बाळ त्या भिंतीशी निजलेलं असणार. दोष झाकून विकायला कायद्यानंही मोकळीक नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. हे कलम मला नंतर वकिलांकडून कळलं. त्या दिवशी मला फक्त राग आला होता.

पण त्या संध्याकाळी झालं ते वेगळंच. कंत्राटदाराच्या यादीत एक ओळ होती : 'स्वयंपाकघराला उत्तरेकडून खिडकी, उजेडासाठी.' मी यादी वाचून दाखवत होते. त्या ओळीवर आईनं सूप खाली ठेवलं.

"खिडकी? आत्ता?"

"घेणाऱ्याला उजेड दिसायला हवा म्हणतो गं."

"मी तीस वर्सं म्हणालो, खिडकी काढा म्हणून," आई म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'आलो', 'गेलो'च म्हणतात. आईची सगळी तक्रार त्या 'म्हणालो'त असायची. "तवा भिंत पडती म्हणत होता सगळे. आता परक्यासाठी पडत न्हाई व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या स्वयंपाकघरात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. फोडणीचा धूर कौलांतून जाईल तेवढा जातो, बाकीचा तिथंच फिरतो. आईचे डोळे चुरचुरायचे. आम्ही म्हणायचो, पदर लाव. कट्टा तिच्या उंचीला कमी, कारण तो आजीच्या मापानं बांधलेला. तिची कंबर धरायची, आम्ही बाम आणून द्यायचो. बाबा वाईट नव्हते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून भट्टीच्या उष्णतेत आठ तास उभे राहून घरी येणारा माणूस होता तो. पैसे आले की आधी आमची फी, मग भावाची खोली, मग माझं लग्न. खिडकी दरवर्षी पुढच्या वर्षावर गेली. आणि आता आम्ही दोघं शिकलेली, कमावती पोरं, एका अनोळखी माणसाला पाच मिनिटं बरं वाटावं म्हणून ती खिडकी काढायला निघालो होतो.

त्या रात्री मी भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खिडकी उद्याच काढ. बाकीचं बघू."

कंत्राटदाराला आम्ही नको म्हणून सांगितलं आणि गल्लीतल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी खिडकीच्या जागेवर आधी वर आडवी तुळई घातली, मग खालचे जांभे एकेक करून काढले. चार दिवसांत सागवानी चौकट बसली. सोळा हजार रुपये लागले. तीस वर्षं 'भिंत पडेल' म्हणून अडलेलं काम ते एवढंच.

मग मी त्यांना पश्चिमेकडं नेलं. त्यांनी छिन्नीनं एका जागी टोकरलं, फुगलेला तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "ह्यो शिमिट कुनी लावला?"

बाबांनीच. नव्वदीच्या दशकात, घर पक्कं व्हावं म्हणून, जुना चुना खरवडून त्यांनी त्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. गवंडीमामांनी मला उकिडवं बसवून समजावलं. मातीत रचलेली भिंत जमिनीतून थोडी ओल ओढतेच, आणि पावसाची ओलही घेते. चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल उन्हाळ्यात बाहेर पडून जाते. सिमेंट लावलं की बाहेरून बारीक भेगांतून पाणी आत जातं, पण परत निघायला वाट उरत नाही. आत माती भिजून मऊ होते, वरून भिंत टणक दिसते. ऑगस्ट २०१९ च्या पावसात आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंतींची किती घरं बसली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मामा म्हणाले, त्यातल्या काही भिंती त्यांनी स्वतः उपसल्या, आणि वरचं सिमेंट पत्र्यासारखं अखंड निघत होतं, मागं नुसता चिखल.

तेव्हा त्या भिंतीवरचं सिमेंट उतरवायचं, एप्रिल-मे तिला उघडी ठेवून सुकू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा करायचा असं ठरलं. रंग नाही, पुट्टी नाही. ओल्या भिंतीवर रंग दिला तर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात आणि घेणाऱ्याला वाटतं की घरात काहीतरी लपवलं जातंय. ते बरोबरच असतं. गवंडीमामांचं एक वाक्य मी लिहून ठेवलंय : "घर विकायचं असंल तर लोक मे महिन्यात दावत्यात. तुमी जुलैत दावा. जुलैत जो घेतो तो परत भांडायला येत न्हाई."

कौलं उतरवून रिपा बदलल्या. फुटलेली कौलं बदलायला मी खानापूरला गेले. तिथली माती कौलांना आणि मडक्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगली मानलेली. आमची जुनी कौलं मंगळुरी पद्धतीची होती. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात पहिला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती खाच आणि ओठ असलेली कौलं या साऱ्या पट्ट्यात पसरली. नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसलं नाही तर नेमकं तिथंच गळतं, म्हणून एक जुनं कौल पिशवीत घालून नेलं होतं. कौलांचं आणि लाकडाचं मिळून पंच्याऐंशी हजार झाले. पुढच्या पायरीशी पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर उंचवटा आणि गटार. जुनी कापडी वायर काढून नवी. विहिरीचा गाळ. सगळं मिळून दोन लाख. भाऊ म्हणाला, "यातलं काहीच दिसत नाही अक्का." खरंच दिसत नव्हतं. घर पूर्वीसारखंच दिसत होतं, फक्त कोरडं.

पण मला आता वाटतं की आमची सर्वांत मोठी डागडुजी घरात झालीच नाही. ती कचेऱ्यांत झाली.

मार्चमध्ये एजंटानं एक व्यापारी आणला होता. घर पाडून दुकान आणि वर मजले काढायचा त्याचा विचार. त्यानं घर पाहिलंच नाही. सोप्यातून परड्यापर्यंत सरळ चालत गेला, दर्शनी रुंदी विचारली, आणि कागद मागितले. खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, अजून आजोबांच्या नावावर होता. त्यानं फाइल मिटली आणि ब्याऐंशी लाख म्हणाला, तेही 'कागद तुम्ही करून द्यायचे' या अटीवर. त्याला ग्रॅनाइटचा कट्टा दाखवला असता तर तो त्यानं पहिल्याच दिवशी फोडला असता. जुन्या गल्लीतलं घर घेणारे निम्मे लोक घर घेतच नाहीत, खालची जागा घेतात. आणि जो राहायला घेतो तो बहुधा कर्ज काढतो. तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर येतो, जागेची किंमत वेगळी धरतो, बांधकामाची वेगळी, आणि बांधकामातून वयाची घट वजा करतो. पंचाहत्तर वर्षांच्या भिंतीवरची नवी टाइल त्याच्या कागदावर जवळपास उमटतच नाही. शिवाय जी किंमत वाढेल तिच्यावर घेणाऱ्याला मुद्रांक आणि नोंदणी भरावी लागते. कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क एक टक्क्याचं दोन टक्के झालं. मोठ्या व्यवहारात उपकर-अधिभार धरून सगळं साडेसात टक्क्यांच्या वर जातं. आपल्या आवडीच्या टाइल्सवर त्यानं एवढा भुर्दंड का सोसावा?

मी कागदांच्या मागं लागले. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. आमच्या घराचा सर्वांत जुना कागद त्या काळातला, मोडीतला. तो वाचणारा माणूस शोधण्यात तीन आठवडे गेले. त्यापुढचे मराठीत, मग १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे हळूहळू कानडीत. एकाच घराच्या पिशवीत तीन लिप्या. सिटी सर्व्हेचा उतारा, ईसी म्हणजे मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला, वारसा नोंद, आणि ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेच्या नोंदणीला सक्तीचा झालेला ई-खाता. त्यात मोजमाप आणि फोटो लागतात आणि बाबांच्या २००६ च्या खोलीचा त्यात हिशेब बसवावा लागला. शाळेत तिसरी भाषा म्हणून घोकलेली माझी कानडी तिथं कामी आली. अर्ज मी बोट ठेवून, शब्द जुळवत वाचायचे, आणि खिडकीपलीकडची बाई मी चुकले की हळूच दुरुस्त करायची.

खाता आजोबांच्या नावावर, म्हणजे बाबांच्या बहिणीचा, माझ्या आत्याचा, त्यात वाटा. आत्या निपाणीला असते. आमच्या नात्यात पद्धत अशी की बहिणीला साडी-चोळी करायची आणि हक्कसोड घ्यायची. बऱ्याच जणांनी मला तेच सुचवलं, प्रेमानं सुचवलं. मी स्वतः या घरची मुलगी. माझी सही लागते म्हणून मला मान आणि आत्याची लागते म्हणून साडी, हे मला जमेना. मी हक्कसोडीचा कागद होऊ दिला नाही. आत्या चौथी विक्रेती म्हणून आली, तिचा वाटा तिच्या खात्यात गेला. किती ते इथं लिहीत नाही. तिनं वरून एकच गोष्ट मागितली, परड्यातला पाटा-वरवंटा. तिचा मुलगा तो गाडीच्या डिकीत घालून घेऊन गेला.

जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना, खासबागेतलं एक यंत्रमागवालं कुटुंब घर बघायला आलं. घरात कानडी, बाहेर मराठी बोलणारी माणसं. घरातल्या आजीबाईंनी छत्री सोप्यात उघडीच ठेवली आणि सरळ माजघरात जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर पालथा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी सांगितलं की पूर्वी ही भिंत भिजायची, सिमेंट काढून चुना केलाय, हा पहिलाच पावसाळा आहे, पुढचं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्यांनी मान हलवली. मग विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं ते विचारलं. फरशीबद्दल, रंगाबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "रंग आम्ही आमच्या मनाचा देतो की."

एक्याण्णव लाखांना ठरलं. मार्चच्या ब्याऐंशीपेक्षा नऊ जास्त. भाऊ म्हणतो दोन लाखांचे नऊ झाले. मी तसं मानत नाही. मला वाटतं त्यातले बहुतेक कागदाचे आहेत. संचकारपत्र, म्हणजे विसाराचा करार, झालं तेव्हा त्यांच्या वकिलांनी फाइल उघडून एकही शंका काढली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कराच्या वेळी अजून एक गोष्ट समजली, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली. नफ्यातून 'सुधारणेचा खर्च' वजा होतो. पण तो घरात भर घालणारा किंवा फेरबदल करणारा असावा लागतो. रंग, डागडुजी, फुटकी कौलं बदलणं यात धरत नाहीत. आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं बांधकाम वेगळं मोजत नाहीत, त्या तारखेची वाजवी किंमत धरता येते. २३ जुलै २०२४ पासून नफ्यावरच्या कराचा दर साडेबारा टक्के झाला आणि जुना खर्च महागाई निर्देशांकानं वाढवून धरायची सोय गेली. त्याआधीपासून घर असलेल्यांना मात्र निर्देशांकासह वीस टक्क्यांचा जुना हिशेब लावून बघता येतो. सीएनं विचारलं, २००१ नंतर घरात काही बांधलंत का? बिलं आहेत का?

आईनं ट्रंकेतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. २००६ च्या खोलीची सगळी बिलं त्यात होती. सिमेंटच्या पोत्यांची, सळईची, वाळूच्या ट्रकची, सेंट्रिंगवाल्याच्या सहीची पावती, टाचणीनं टोचून, वर बाबांच्या अक्षरात बेरीज : ३,१२,०००. २००६-०७ चा निर्देशांक १२२, २०२५-२६ चा ३७६. त्या पद्धतीनं बाबांच्या तीन लाख बारा हजारांचे ९ लाख ६१ हजार धरले जातात. सीए म्हणाला, तुमच्या दोन लाखांतलं बहुतेक दुरुस्तीत जाईल. खिडकी मात्र फेरबदलात बसेल, तिचं बिल आहे का?

गवंडीमामांनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं होतं. मी ते डब्यात, बाबांच्या बिलांवर ठेवलं.

खरेदीखत नोव्हेंबरात झालं. कागद कानडीत. लिहिणाऱ्यानं आईला शेजारी बसवून एकेक कलम मराठीत सांगितलं, चतु:सीमा दोनदा सांगितल्या : दक्षिणेस रस्ता, उत्तरेस परडं ओलांडून दुसऱ्याचं घर. आईनं अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मार्च ते नोव्हेंबर ती त्या खिडकीशी पाट टाकून बसली होती. भाजी तिथं निवडायची, दुपारी तिथंच डोळा लागायचा. एक पावसाळा मिळाला तिला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिनं त्या घरच्या सूनबाईंचा हात धरला. चावीचा जुडगा अजून आईच्याच पिशवीत होता. तो काढून देताना म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीला खालची कडी आदी लाव, मग वरची. वारं सुटलं की उजवं दार आपटतंय. माझं दोनदा बोट चेपलंय बग."

सूनबाईंनी जुडगा घेतला आणि विचारलं, "उजवं म्हंजे, आतनं उजवं की भायरनं?"

"आतनं," आई म्हणाली. "आपन आतच असतो की."